कच्चा दिवा

जुन्नर, आषाढ वद्य ४, शके १८२५

तीर्थरूप मोहनजिजींच्या पायांशी धरमचंदचा नमस्कार.

हौशीरामच्या गाडीबरोबर तुमचं पत्र आलं आणि लाडूही आले. लाडू झमकूला दिले, तिने हातात धरले, आणि संध्याकाळी मीच खाल्ले.

तुम्ही लिहिता, "यंदा भाऊबीजेला लुगडं नको, ओवाळणीत झमकू दे." वाचून मी हसलो. मग हसू गेलं, कारण तुम्ही थट्टा करत नाही हे मला कळतं. सुमती प्लेगात गेली त्याला आता सात महिने होतील. तीन वर्षांची पोर दिवसभर दुकानात माझ्या मांडीवर असते. गूळ तोलायला उठलो तरी धोतराचा सोगा धरून मागे येते. संध्याकाळी दिवा लागायची वेळ झाली की घरात कुठेही असो, येऊन माझं बोट धरते. बाजारच्या गावांना जाणं मी बंद केलं आहे. थोरले काका म्हणतात, दुसरं लग्न कर, नाहीतर पोर मंचरला बहिणीकडे पाठव. लग्न मी करणार नाही. तुमच्याकडे ती सुखात राहील यात मला शंका नाही. तिच्यावाचून या घरात मी कसा राहीन तेवढं मात्र कळत नाही.

म्हणून एक करून पाहतो आहे. इथल्या मुलींच्या शाळेत नवीच गोष्ट निघाली आहे. मोठ्या मुली शाळेत यायच्या त्या धाकटं भावंड कडेवर घेऊन, नाहीतर घरचे सोडत नसत. भावंड रडलं की सगळ्यांचाच धडा बुडायचा. तेव्हा मास्तरीणबाईंनी मागची पडवी झाडून घेतली, तिथे रेती पसरली, चिंचोके आणि मातीची खेळणी ठेवली, आणि लहान्यांची वेगळी खोली केली. घरोघर फिरून मुली गोळा करून आणणारी साळुबाई तिथे बसते. तुम्हाला आठवत असेल, प्लेगात गाव सोडलं तेव्हा आपण तिच्याच शेतात झोपडी घातली होती.

झमकू तिथे रमली तर मला दिवस मोकळा मिळेल. दिवाळीपर्यंत नाही रमली, तर तुम्ही मागितलेली ओवाळणी तुमची. शब्द दिला.

एक आश्चर्य लिहितो. आईचं नाव तिने एकदाही काढलेलं नाही. लहान आहे, विसरली असेल.

आपला धरमचंद

---

मंचर, आषाढ वद्य ९

चिरंजीव धरमचंदास मोहनजिजीचे आशीर्वाद.

शब्द दिलास तो मी पदराला गाठ मारून ठेवला आहे.

पण आधी मला सांग, शाळेत रेती कशाला? रेतीत बसून पोरं शिकतात तरी काय? चिंचोके खाऊन टाकले म्हणजे? मी शाळा पाहिली ती तुझ्या पंतोजींची, तीही दाराबाहेरून. तुझी पाटी पुसता पुसता मला अक्षरं आली. तेव्हा तिथे एक वेताची छडी होती, रेती नव्हती.

तूही कमी चिकट नव्हतास. माझ्या ओढणीला लोंबायचास. मी तुला पंतोजींपुढे बसवायची, "पाणी पिऊन येते" म्हणायची आणि मागच्या दाराने घर गाठायची. तू रडायचास आणि मग गप्प व्हायचास. तेच कर. निरोप घेत बसू नकोस. ती चिंचोक्यात गुंतली की गुपचूप सटकायचं.

मूल नसलेल्या बाईने शिकवावं का, असं तुझे काका म्हणतील. म्हणू देत. तुला मीच वाढवलं आहे.

जात्याचा खुंटा सैल झालाय म्हणून सुतार बसलाय, त्याच्याकडे बघायचं आहे. घाईत पुरं करते. पुढचं पत्र पाकिटात घाल. पोस्टकार्ड आलं की इथे सगळी पेठ वाचते आणि मग मला बातमी सांगायला येते.

मोहनजिजी

---

जुन्नर, श्रावण शुद्ध १

तीर्थरूप जिजींना नमस्कार.

तुमचा उपाय केला. पाच दिवस सटकलो. पाचही दिवस अर्ध्या तासात साळुबाई झमकूला कडेवर घेऊन दुकानाच्या पायरीशी हजर. पोरीचा रडून रडून श्वास लागलेला, आणि माझ्या गळ्याला मिठी अशी की गिऱ्हाईकाला गूळ एका हाताने तोलावा लागतो. आता रात्री झोपेतही माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत असतं.

मास्तरीणबाई भल्या आहेत. म्हणाल्या, "मूल दांडगट असतं तर मला कळलं असतं. ही तशी नाही. हिला काहीतरी दिसतं, ते आपल्याला दिसत नाही."

काय दिसत असेल? तुम्हाला काही सुचतं का?

धरमचंद

---

मंचर, श्रावण शुद्ध ६

चिरंजीव धरमचंदास आशीर्वाद.

तुझ्या बाईंचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. बाई हुशार दिसते. मला आता चैन पडत नाही. तू दुकानात बसून "रडते, रडते" लिहितोस, पण कधी रडते? दारातच? तू दिसेनासा झालास की? दुसऱ्या पोराने हात लावला की? तिथे मांजर आहे का? कुणाच्या कपाळावर आडवं कुंकू आहे का? पाणी कशातून देतात? तू स्वतः डोळ्यांनी पाहिलं आहेस का एकदा तरी, की सटकण्यातच पटाईत झालास?

साळुबाईला बसवून विचार. पोर आत पाऊल टाकते तिथपासून हंबरडा फोडते तिथपर्यंत, एकामागून एक काय काय होतं ते जसंच्या तसं लिही. आपलं शहाणपण मध्ये घालू नकोस. इकडे मी विचार करकरून भाजी दोनदा खारट केली. तुझे मेहुणे काही बोलले नाहीत, पण पाणी बरंच प्यायले.

सुतार अजून आहे.

मोहनजिजी

---

जुन्नर, श्रावण शुद्ध १३

तीर्थरूप जिजींना नमस्कार.

जात्याच्या खुंट्याला पंधरा दिवस लागतात हे मला ठाऊक नव्हतं. मंचरचे सुतार फार बारीक काम करतात असं दिसतं.

साळुबाईला बसवलं. तिचे शब्द तिच्याच तोंडचे लिहितो.

"मालक, पोर आत येती तवा काय बी रडत न्हाई. रेतीत बसती. चिंचोकं वळीनं मांडती. सोपानच्या धाकलीला त्यातलं दोन देती बी. तुमी गेल्याचं तिला कळतं, वळून बघती, पर रडत न्हाई. मंग आतल्या खोलीतनं बाई येत्यात. सरस्वतीच्या तसबिरीम्होरं समई लावत्यात. समद्या पोरी हात जोडून गाणं म्हनत्यात. तवा हिचा हंबरडा. आदी दाराकडं धावती, मंग 'बाबा, बाबा' करती. मंग कुणाचंच ऐकत न्हाई. म्या लई पोरं बगितली, पर आसं न्हाई बगितलं. रोज त्याच टायमाला."

मला वाटतं, उत्तर सापडलं. वीस-पंचवीस पोरी एकदम मोठ्याने गातात, त्याची तिला भीती बसली आहे. बाईंना सांगून थोडे दिवस गाणं बंद ठेवतो. तुम्हाला काय वाटतं ते लगेच कळवा.

धरमचंद

---

जुन्नर, श्रावण वद्य ११

तीर्थरूप जिजींना नमस्कार.

उत्तर नाही. प्रकृती बरी आहे ना? तुम्ही आणि तेरा दिवस गप्प, हे नवल आहे.

बाईंनी सहा दिवस गाणं बंद ठेवलं. नुसता दिवा लावायचा, हात जोडायचे, बसायचं. झमकू तशीच. काल तर रडता रडता उलटी झाली. साळुबाई मला म्हणाली, "मालक, आता पोरीचं हाल बगवत न्हाईत." माझेही डोळे भरून आले. दुकानात चार माणसं होती, तरी आवरलं नाही.

जिजी, मी हरलो. दिवाळीची वाट पाहण्यात अर्थ नाही, पण शब्द भाऊबीजेचा आहे तेव्हा भाऊबीजेलाच न्या. तिची चार परकर-पोलकी आणि सुमतीची एक ओढणी मी वेगळ्या गाठोड्यात बांधून ठेवली आहे. ओढणी तिला अंथरुणात लागते.

पर्युषण उद्यापासून. तुमचा उपास असेल. सांभाळून करा.

धरमचंद

---

मंचर, भाद्रपद शुद्ध ५

चिरंजीव धरमचंदास आशीर्वाद.

काल संवत्सरी झाली. दरवर्षी आज आपण सगळ्या नातलगांना त्याच ओळी लिहितो. जाणता अजाणता, मनाने वाणीने दुखावलं असेल तर क्षमा असावी. सकाळपासून मी अशी अकरा कार्डं लिहिली, एकाच दमात. तुझं मात्र तीनदा फाडलं. कारण तुझ्या बाबतीत ते "जाणता" खरं आहे.

झमकू कशाला रडते ते मला वीस दिवसांपूर्वी कळलं. साळुबाईचे शब्द वाचले त्याच दुपारी.

गाणं नाही रे. समई.

आपल्या घरात दिवसा दिवा लागलेला त्या पोरीने कधी पाहिलाय? आपण जैन, प्रार्थनेला जातो त्या स्थानकात मूर्ती नाही की दिवा नाही. घरी सूर्य आहे तोवर जेवणं उरकतात, दुकानाला फळ्या लागतात, तू आत येतोस, आणि मग दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे यायचे ते आले. जे आले नाहीत ते आता येत नाहीत, असा तिचा हिशेब आहे. आणि तो हिशेब तिला मी शिकवलाय.

पौषातला तो दिवस आठव. सुमतीला पलीकडच्या झोपडीत ठेवलं होतं. दुपारी ती गेली. तुम्ही पुरुष तिकडे होतात. पोर माझ्यापाशी, "आई कधी येणार, आई कधी येणार." मला सांगवेना. मी म्हटलं, "दिवे लागायच्या आत येईल हं." सुमती तेव्हा नव्हती, धरम. मला ठाऊक होतं आणि मी बोलले. पोर झोपडीच्या दाराशी जाऊन बसली. खायला आली नाही. साळुबाईने कंदील लावून आणला तेव्हा तिने एकदा कंदिलाकडे पाहिलं, एकदा वाटेकडे, आणि उठून आत येऊन झोपली. तेव्हापासून तिने आईला विचारलेलं नाही. तू लिहिलंस, विसरली असेल. ती विसरलेली नाही.

खात्री करायला मी त्या दुपारी दारं उघडी ठेवून ऐन उन्हात दिवा लावला आणि त्याच्यासमोर बसले. चातुर्मासात दिव्यावर जीव जळतात, आणि मी तो दिवसा, विनाकारण लावला. त्याचंही पाप माथ्यावर घेते. मोलकरीण दारातून बघत राहिली. तुला सांगते, मी पन्नाशीची बाई, पण मीही उठून दारातून वाटेकडे पाहून आले. घरातलं कुणीतरी यायचं राहून गेलंय असं वाटलं. मग त्या तीन वर्षांच्या जिवाचं काय होत असेल?

आणि हे कळूनही मी लिहिलं नाही. का ते ऐक. सुतार जात्यासाठी नव्हता. मी लहान पलंगडी करून घेतलीये, कडेला कठडा, चारी पायांवर मोर. तुझी पोर शाळेत रमली नाही तर ती माझी, हे मला दिवसातून दहादा सुचायचं. पत्र लिहायला बसायची आणि पलंगडी पुसायला उठायची. तुझं वद्य एकादशीचं पत्र आलं, ओढणीचं गाठोडं बांधलंस असं वाचलं, तेव्हा माझं मलाच तोंड दाखवेना.

आता माझं शेवटचं ऐक. सटकायचं बंद. त्यात मीच तुला घातलं, आणि तेही माझ्याच खोटेपणाचं धाकटं भावंड होतं. दिवा लागेल तेव्हा तू तिथे उभा राहा. तिला अंगणात नेऊन सूर्य दाखव. "मी जातो" असं तोंडाने सांग, केव्हा येणार ते सांग, आणि सांगितलं त्याच्या आधी ये. एकदाही चुकू नकोस.

मला क्षमा कर, असं छापील बोलत नाही. करावीशी वाटली तर कर.

मोहनबाई

---

जुन्नर, भाद्रपद वद्य १३

जिजी,

तुमचं पत्र वाचलं आणि पेटीत ठेवलं. तेवीस दिवस उत्तर दिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते पुढच्या संवत्सरीला मलाच परत घ्यावं लागलं असतं. वीस दिवस, जिजी. त्यातला एकेक दिवस ती पोर ओकेपर्यंत रडली.

पण सांगितलंत ते दुसऱ्याच दिवशी केलं. तुमच्यावर राग होता, तुमच्या अकलेवर नव्हता.

पहिल्या दिवशी मी पडवीत रेतीच्या कडेला मांडी घालून बसलो. मोठ्या मुली पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाईंनी काडी ओढली. झमकू लाकडासारखी ताठ झाली, तिची मान माझ्याकडे वळली, आणि मी तिथेच आहे हे बघून ती इतकी चकित झाली की रडायचं राहून गेलं. तिला उचलून अंगणात आणलं. ऊन रणरणत होतं. साळुबाई मागून आली आणि म्हणाली, "बग गं माजे बाय, सूर्य हाय का न्हाई वर? हाय न्हवं? मंग? त्यो दिवा देवीचा हाय. त्याला बगून कुनी घरला जात न्हाई, आन् कुनी वाटंत ऱ्हात न्हाई." झमकूने सूर्याकडे बघितलं, डोळे चोळले, मग आत डोकावून समईकडे बघितलं. पुन्हा सूर्य, पुन्हा समई. असं कितीतरी वेळ चाललं होतं. एखाद्या गिऱ्हाइकाने दोन दुकानांतली डाळ ताडून पाहावी तसं.

चार दिवस मी समईपर्यंत थांबलो. पाचव्या दिवशी सांगून निघालो. ती रडली, पण दाराकडे धावली नाही. शाळा सुटायच्या बरंच आधी मी जाऊन फाटकाशी उभा राहिलो. रोज उभा राहतो. थोरले काका म्हणतात, दुकानदार की पहारेकरी? म्हणू देत.

आता गंमत ऐका. मधल्या सुट्टीत मोठ्या मुली शिवाशिवी खेळतात आणि हिला कच्चं लिंबू म्हणून घेतात. म्हणजे हिला कुणी शिवलं तरी हिच्यावर राज्य येत नाही. परवा संध्याकाळी मी घरात दिवा लावला. नेहमीप्रमाणे तिने बोट धरलं आणि मोठ्या माणसासारखं मला समजावलं, "बाबा, हा दिवा पक्का. शाळेतला कच्चा. तो लागला तरी राज्य येत नाही."

मी दिव्याची वात सारखी केली आणि "बरं" म्हटलं.

जिजी, राग गेला. पण एक माझ्याने होणार नाही. आईचं तिला मी सांगू शकत नाही, तीनदा तोंड उघडून मिटलं. तुम्ही जे सांगितलंत ते तुम्हीच येऊन पुरं करा. दिवाळीला या. ओवाळणीत हवं ते मागा, एक सोडून.

आणि हो, संवत्सरीचा खमतखामणा माझाही, क्षमा असावी. गूळ तोलताना मनातल्या मनात तुम्हाला फार बोललो.

धरमचंद

---

मंचर, कार्तिक शुद्ध ६

चिरंजीव धरमचंदास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. हौशीरामची गाडी परत जाताना पलंगडी तिच्यावर चढवली आहे. उतरवताना मोरांच्या चोची सांभाळ. ती इथे रिकामी बघवत नाही, आणि तुझी पोर किती दिवस तुझा सदरा धरून झोपणार? तुझे मेहुणे म्हणाले, "जात्याचा खुंटा जुन्नरला चालला वाटतं." त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. बोलले नाहीत इतकंच.

ओवाळणीत झमकूने दिलेली चिंचोक्यांची माळ मी गळ्यातच घातली आहे. पेठेतल्या बायका विचारतात, हा कुठला दागिना? मी म्हणते, जुन्नरचा.

भाऊबीजेच्या दुपारी मी झमकूला घेऊन मागच्या ओट्यावर बसले होते, तेव्हा काय झालं ते तू दोनदा विचारलंस. मी "काही नाही" म्हटलं. तुझ्यासमोर मला बोलवलं नसतं. आता लिहिते.

मी तिला म्हटलं, "झमकू, साळुबाईच्या शेतात आपण राहत होतो, आठवतं?" तिने मान हलवली. मी म्हटलं, "तिथे ही तुझी भुवा तुला म्हणाली होती, दिवे लागायच्या आत आई येईल." तिने पुन्हा मान हलवली. माझ्याकडे बघत नव्हती, पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढत होती. मी म्हटलं, "भुवा खोटं बोलली. आई तेव्हाच देवाघरी गेली होती. ती येणार नव्हती, आणि भुवाला ते माहीत होतं. आईने तुला फसवलं नाही. मी फसवलं."

मला वाटलं, रडेल. मला वाटलं, मारेल तरी. तिने रेघ पुरी केली, तिला आडवी दुसरी काढली. मग मान वर करून मला विचारलं, "तो दिवा पक्का होता?"

धरम, माझ्या तोंडात पुन्हा एक गोड खोटं आलं होतं. ते मी गिळलं. म्हटलं, "हो बाई. तो पक्का होता."

तिने मान हलवली. मग माझं बोट धरलं, आणि तू घरात दिवा लावलास तोवर सोडलं नाही.

मोहनजिजी